फॉन्ट साइज: पिक्सेल, ईएम की रेम? (घाईचं आहे)

चाळिशीचा_चष्मा: मंडळी, एका वाचनालयाची जुनी साइट हातात आलीये. सगळीकडे पिक्सेल, मुख्य मजकूर १४. एका आजोबांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय, पण आमचं पान ढिम्म हलत नाही. कोणतं एकक घेऊ? दोनच संध्याकाळ आहेत, नव्याने लिहा म्हणू नका.

जुनं_खोड: नव्याने लिहा. मी लिहिली, तीन महिने गेले, पण आता साइट बघत राहावी अशी झालीये.

कंस_बंद_करा: रेम. ते पानाच्या मुळाच्या, म्हणजे एचटीएमएल टॅगच्या, अक्षराच्या पटीत मोजतं. ब्राउझरचा मूळ आकार बहुधा १६ पिक्सेल असतो. आजोबांनी तो २४ केला की १ रेम म्हणजे २४. पिक्सेलला त्याची खबरच नसते.

उगाच_विचारतो: पण झूम आहे की! झूमला पिक्सेलही वाढतात. हे भांडण इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळातलं.

कंस_बंद_करा: झूमने अख्खं पान फुगतं. त्यांना फक्त अक्षर मोठं हवंय. प्रश्न वाचत जा.

रात्रपाळी: ईएमच्या वाटेला जाऊ नका, अक्षराला दिला की तो बाहेरच्या घटकाच्या अक्षराच्या पटीत मोजतो. मी यादीला ०.८ ईएम दिला होता. यादीत यादी, तिच्यात आणखी एक: १२.८, १०.२४, ८.१९. साहेबांनी विचारलं, "खाली मुंग्या कशाला सोडल्यात?" बटणाच्या पॅडिंगला (आतल्या मोकळ्या जागेला) मात्र ईएमच बरा.

मोठा_पडदा: मी सगळं व्हीडब्ल्यूमध्ये, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या टक्क्यांत, करतो. माझ्या मॉनिटरवर झकास दिसतं.

कंस_बंद_करा: तुमच्या मॉनिटरवर. नुसता व्हीडब्ल्यू झूमलाही दाद देत नाही. डब्ल्यूसीएजीचा (वेब सर्वांना वापरता यावं म्हणूनची नियमावली) १.४.४ निकष मजकूर २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, वाढवता आला पाहिजे म्हणतो, तिथेच आपटाल. क्लॅम्पमध्ये (किमान-कमाल मर्यादा घालणारं सीएसएसचं फंक्शन) रेम मिसळून वापरा.

उगाच_विचारतो: एचटीएमएल टॅगला ६२.५ टक्के दिलं की १ रेम म्हणजे १०. हिशेब सोपा.

रात्रपाळी: आणि बॉडीला १.६ रेम द्यायचं विसरलात की पुन्हा मुंग्या. एचटीएमएल टॅगला टक्क्यांऐवजी थेट १० पिक्सेल लिहिलंत तर रेम घेऊन उपयोग शून्य.

वेलांटी: लाइन-हाइटचं, म्हणजे ओळीच्या उंचीचं, कुणीच बोललं नाही! ती पिक्सेलमध्ये असेल तर अक्षर वाढतं, ओळ तेवढीच राहते, मग वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. मराठी मजकुराला तर फारच वाईट. नुसतं १.६ लिहा, एकक नको.

चाळिशीचा_चष्मा: वेलांटीताई, हे खरंच होत होतं, आभार. बाकी मी कुणाचंच ऐकलं नाही. फॉन्ट साइजच्या ४१ ओळी होत्या, त्यातल्या ३८ उडवल्या. बॉडीला आकारच दिलेला नाही, ब्राउझर देईल तो. उरलेल्या तीन ओळींत आकार टक्क्यांत दिलाय. सेटिंग २४ वर नेऊन पाहिलं, मजकूर वाढला. मेन्यू दोन ओळींत मोडतो, मोडू दे.

जुनं_खोड: टक्के? २०२० नंतर?

नवा_सदस्य: रेम घ्या. (वरचं वाचलेलं नाही.)