मदत हवी आहे: ब्रेस्टच्या ऑपरेशनच्या जागेजवळ लाल चट्टा, बायोप्सी मागू का?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली आहे, प्रश्न सासूबाईंचा आहे. 2019 ला त्यांचं उजव्या ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. तब्येत ठणठणीत, भूक चांगली, वजन उतरलं नाही.

उन्हाळा लागला तसं टाक्यांच्या खाली लालसर झालं. नागपूरचं ऊन, घाम, ब्लाउज तिथेच घासतो, त्यामुळे सगळ्यांनी घामोळं म्हणून सोडून दिलं. मग मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, पूर्ण कोर्स झाला, काडीचा फरक नाही. शेजारच्या काकू म्हणे नागीण आहे, उतरवून घ्या. दीर मेडिकलमधून नायट्याची ट्यूब घेऊन आले, त्याने लाली थोडी फिकी पडली आणि परत आली, आता काखेकडे सरकून राहिली आहे.

मला जे खटकतं ते सांगते. आंघोळीनंतर मलम लावताना बोटाला कडेला बारीक टणक गाठी लागतात, दाबलं तरी दुखत नाहीत, आणि भोवतालची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे. ताप नाही, खाज नाही, आग नाही. सासूबाई म्हणतात दुखत नाही तर काहून डॉक्टर डॉक्टर करतेस. पण मला तर दुखत नाही याचीच जास्त भीती वाटते.

बायोप्सी मागू का? घरात सगळे म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो. हे खरं आहे का? कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते. न बघता निदान नाही सांगता येणार, पण बायोप्सी मागाच, आणि पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका.

ब्रेस्टचा कॅन्सर कातडीत आला तर बहुतेक वेळा छातीवर, जुन्या टाक्यांच्या आसपासच येतो आणि दिसायला अगदी साधा दिसतो. कधी सेल्युलायटिससारखी (कातडीच्या आतल्या थराचं इन्फेक्शन) लाली, कधी नागिणीसारखे पट्ट्यात फोड, कधी निप्पलवर न जाणारा एक्झिमा, कधी डोक्यावर चाई पडल्यासारखा टकलाचा गोल, कधी सगळी छाती कडक होत जाते. शेकाने भाजलेल्या कातडीतही लपतो. सेल्युलायटिसमध्ये सहसा जागा गरम असते, दुखते, बऱ्याचदा ताप येतो आणि अँटिबायोटिकने काही दिवसांत उतार पडतो. नागीण साधारण दोन ते चार आठवड्यांत सुकते. तुमचं यातलं कशातच बसत नाही. ती ट्यूब बंद करा, मेडिकलमधल्या अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने चट्ट्याचं रूपच बदलतं आणि बघणारा फसतो.

पंच बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या आसपास तुकडा घेतात, एखादा टाका, त्याच दिवशी घरी. त्याने कॅन्सर पसरतो या भीतीने तपासणी टाळू नका. फक्त शेक दिलेली कातडी भरायला वेळ घेते, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

धागाकर्ती

खूप आभार ताई, जीव भांड्यात पडला म्हणणार नाही, पण काय करायचं ते तरी कळलं. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला दाखवायचं ठरवून राहिलो, ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं. सोबत काय नेऊ?

प्रतिसाद

डिस्चार्ज कार्ड, शेकाचे कागद, जुना बायोप्सी रिपोर्ट. आणि जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत अर्ज करून जुने ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) आणि स्लाइड्स (काचपट्टीवरचे काप) मागा, ताज्या तुकड्याशी ताडून बघता येतात. कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टरच्या) आणि हर-टू (एका प्रोटीनची) या तपासण्या नव्या तुकड्यावर परत करायला सांगा, कारण हे कधीकधी बदललेले असतात आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं. सासूबाईंना सध्या इतकंच सांगा की चट्टा औषधाने जाऊन नाही राहिला म्हणून तुकडा तपासायचा आहे. हे खोटंही नाही.

धागाकर्ती

सोमवारी ब्लॉकचा अर्ज देते. मिस्टरांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते सोबत यायला तयार झाले.