व्हाइटहेडचं ‘क्रमांक 21’ राइट बंधूंच्या आधी उडालं का?

कार्बाइड
14 ऑगस्ट 1901. बव्हेरियातून अमेरिकेत आलेल्या गुस्ताव्ह व्हाइटहेडनं कनेटिकटमध्ये आपलं ‘क्रमांक 21’ हे एकपंखी विमान 50 फूट उंचीवरून अर्धा मैल नेलं, असं ब्रिजपोर्ट हेरल्डनं चार दिवसांनी छापलं. राइट बंधूंचं किटी हॉकचं उड्डाण त्यानंतर सव्वादोन वर्षांनी. वटवाघळासारखे 36 फुटी पंख, बांबूच्या फासळ्या, होडीसारखा 16 फुटी सांगाडा. एक इंजिन चाकांना, दुसरं पुढच्या दोन पंख्यांना (प्रोपेलरना). म्हणजे जमिनीवरचा वेग चाकांनीच घ्यायचा. 1986 साली अँडी कॉशनं प्रतिकृती उडवली. माझं मत: उडालं असणार.

वजनकाटा
प्रतिकृतीत आधुनिक इंजिनं होती हो! त्यातून पंखांचा आकार हवेत टिकतो एवढंच कळलं. खरी गोम इंजिनात आहे. जून 1901 च्या वर्णनात 20 अश्वशक्तीचं, ऍसिटिलीन वायूवर चालणारं इंजिन 35 पौंडांचं सांगितलंय, म्हणजे 16 किलो. राइट बंधूंचं 12 अश्वशक्तीचं इंजिन सुमारे 80 किलोंचं. राइट बंधूंचा प्रतिस्पर्धी लँग्ले याच्या विमानासाठी मॅन्लीनं बनवलेलं 52 अश्वशक्तीचं इंजिन त्या काळचं हलकेपणातलं टोक. तेही दर किलोला एक अश्वशक्ती देत नव्हतं. व्हाइटहेडचं सव्वा देत होतं?

कार्बाइड
अश्वशक्ती फुगवलेली असेल, मान्य. निम्मी धरा. पण अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचा राइट यांच्या वारसांशी झालेला 1948 चा करार विसरू नका: राइटच्या आधी कुणी उडालं असं संग्रहालयानं म्हटलं, तर राइट बंधूंचं फ्लायर विमान परत द्यायचं. असा पंच निःपक्ष कसा?

वजनकाटा
करार लाजिरवाणाच आहे. पण त्यानं 1901 चा पुरावा तयार होत नाही. बातमीत नाव असलेल्या जेम्स डिकीनंच पुढे ‘मी तिथे नव्हतो’ असं सांगितलं. 2013 मध्ये गाजलेला ‘उड्डाणाचा फोटो’ माँटगोमेरी या दुसऱ्याच विमानकर्त्याच्या ग्लायडरचा असल्याचं दाखवलं गेलं.

सुकाणू
दोघांकडून सुटलेला मुद्दा: वळवायचं कसं? पुढच्या विमानाबद्दल, म्हणजे क्रमांक 22 बद्दल, 1902 च्या पत्रात व्हाइटहेड म्हणतो, एक पंखा जास्त वेगानं फिरवायचा. तसं केलं की नाक वळतं, बाहेरचा पंख जास्त वेगामुळे उचलला जातो आणि यंत्र कलतं. ते कलणं थांबवायला राइटकडे पंख मुरडण्याची सोय होती; इथे काय? सरळ रेषेत छोटी उडी मी मानेन. झाडं चुकवत वळसा घेतला, असं बातमीत आहे, ते नाही.

कार्बाइड
म्हणजे उडी मान्य?

सुकाणू
‘शक्य’ म्हटलं, ‘झाली’ नाही. शिवकर तळपद्यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, या दाव्याबद्दलही मी एवढंच म्हणतो. कुणीतरी ते ऍसिटिलीन इंजिन वर्णनाबरहुकूम बनवून, पंखा लावून, खुंट्याला बांधून किती ओढतं ते मोजावं.