मुलांसोबत झाडं बघताना – तुमचे अनुभव लिहा

काल सासूबाई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "अगं, कुठेही जा, पळसाला पानं तीनच" आणि मला एकदम वेताळ टेकडी आठवली. लेकाला दुसरीत शाळेतून काढलं, दोन वर्षं घरीच शिकवत होते. सकाळी सातला टेकडी. ही म्हण ऐकून पठ्ठ्या हट्टाला पेटला, चौथं पान शोधणारच. आठवडाभर दिसेल तो पळस. चौथं नाही सापडलं, पण एक दिवस म्हणाला, आई, देठ फांदीला चिकटतो तिथे बारीक डोळा आहे, कोंब फुटतो तो, मग या तिघांच्या बुडाशी का नाही? घरी येऊन पुस्तक उघडलं. ती तीन पानं नसतातच, तिन्ही मिळून एक पान, म्हणून डोळा एकच. मला रडू आलं तेव्हा. सगळे म्हणत होते, पोराचं नुकसान करतेयस.

---

अगदी भरून आलं ताई. आमच्याकडे उंबर. मुलीनं पिकलेलं फोडलं तर आतनं चिलटासारखं काहीतरी उडालं, किंचाळून फेकलंच तिनं, मग आजोबांनी भिंग आणलं, आतली फुलं दाखवली, या कीटकांमुळेच परागीभवन होतं म्हणाले. आता कुणी पाहुणे आले की उंबराचं फूल दाखवू का विचारते 😄

---

दहावीचं काय केलंत? माझी ११ ची आहे, घरचे रोज डोकं खातात

---

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, घरी शिकून परीक्षा देता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात दहावीला, वेळ आहे तुम्हाला. रात्री नीट लिहिते, कुकर लावलाय

---

आम्ही न्यू जर्सीत. इथे मेपलच्या बिया पंखासकट गरगरत खाली येतात, मुलं त्या फोडून नाकावर चिकटवतात. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवल्या तर ती म्हणाली आमच्या वावळाच्या पण अशाच उडतात, चपट्या, गोल, कागदासारख्या, आम्ही सोलून खायचो, आणि मग नातवाला अर्धा तास वावळच सांगत बसली, मराठीत, तो पण ऐकत बसला. एरवी दोन मिनिटांत पळतो.

---

वावळाच्या बिया!! किती वर्षांनी नाव ऐकलं. शाळेच्या वाटेवर होता आमच्या, रस्ता रुंद करताना गेला

---

कोकणात गावी मुलाला शेंगेची मखमल आवडली म्हणून हात फिरवला, ती खाजकुयली. संध्याकाळपर्यंत रडत होता बिचारा. आता लांबूनच सगळ्यांना ओरडून सांगतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी हीच ओळखायला शिका खरंच.

---

आणि बिब्बा. चीक लागला तर फोड येतात

---

मुंबईत कुणी असेल तर राणीच्या बागेत गोरखचिंच बघायला न्या. आम्ही चौघांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला

---

पुरले का हात?

---

नाही ना, मग ओढणी जोडली