विषय: मेनमधलं एक सत्र आणि सुरगाण्यातले दावे

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचा मेल वेगळा येतोय, हा दुसऱ्याच कामाचा. इथे अमेरिकेतच, मेन राज्यात वॉटरव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथे कोल्बी कॉलेज. १९९७ मध्ये ओक फाउंडेशनच्या देणगीतून तिथे मानवी हक्कांची एक संस्था सुरू झाली. प्रत्यक्ष गावपातळीवर काम करणारा एखादा कार्यकर्ता ती फॉल सेमिस्टरपुरता बोलावून घेते, ऑगस्टअखेर ते डिसेंबर. मानधन, जाण्यायेण्याचा खर्च, राहायची सोय सगळं त्यांच्याकडे. बदल्यात विद्यार्थ्यांबरोबर बसायचं, बोलायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचं वाचन-लेखन करायचं. नवखा माणूस नको, निवृत्त तर नकोच. काम ऐन भरात असलेला हवा.

आपल्यात निम्मे नाशिकचे. कोणी डोळ्यासमोर आहे का?

---

प्रेषक: पंचवटी काका

सचिव, २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तो आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पुढे पाच वर्षांनी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघालेले शेतकरी १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले आणि दहावीच्या पोरांची परीक्षा आहे म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून उरकला. अशा जिल्ह्यातल्या माणसाला हक्क शिकायला मेनला धाडायचं? शिवाय गेलेला परत येत नाही. उदाहरणं याच लिस्टवर डझनांनी आहेत, मला धरून.

---

प्रेषक: कॉलेज रोड

काका, शिकायला नाही, शिकवायला. आणि परत येण्याचं म्हणाल तर तुम्ही नोकरीला आला होतात. ज्याच्या मागे चाळीस गावांच्या फायली आहेत तो वॉटरव्हिलच्या बर्फात कशाला रमेल?

यॉर्क विद्यापीठातही कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप आहे, पण ती ज्यांच्या जिवाला किंवा कामाला धोका आहे त्यांच्यासाठी. दोन्ही एकात मिसळू नका. अर्जात उगाच धोक्याचं रडगाणं येतं आणि खरं काम मागे पडतं.

---

प्रेषक: पेठ रोडची भाची

मंडळी, माझ्या मावशीबद्दल लिहिते. तिला विचारूनच लिहितेय.

मावशी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत वनहक्काचं काम करते. २००६ चा कायदा असा की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसतंय तिच्यावर त्याचा हक्क मान्य व्हावा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे, मग ग्रामसभेत, तिथून प्रांताच्या उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे. कागदावर चार पायऱ्या. प्रत्यक्षात म्हाताऱ्यांचे जबाब, बांधावरची जुनी झाडं, दंडाच्या पावत्या असं सगळं गोळा करून लावायचं. वन खात्याने अतिक्रमण म्हणून केलेला दंड हाच पुढे कसत असल्याचा पुरावा ठरतो, हे मावशी हसत हसत सांगते. एवढं करून दावा मंजूर झाला तरी कसतो त्याच्या निम्मंच क्षेत्र पदरात, असं किती जणांचं! २०१८ च्या मोर्च्यातलं मोठं दुखणं तेच होतं.

तिने पस्तिशीत सुरुवात केली, आता पन्नाशी ओलांडली. गुडघे गेलेत. कळवणच्या प्रांत ऑफिसात तिला शिपायापासून सगळे ओळखतात, काही जण तर ती आली की चहाला निघून जातात.

माझी अडचण वेगळी आहे. खालच्या समितीचा निकाल मान्य नसेल तर वर दाद मागायला ६० दिवस मिळतात. चार महिन्यांत अशा दोन मुदती येऊन जातील. नोटीस आली, घरात कोणाला वाचता येत नाही, मावशी मेनमध्ये. मुदत संपली की पुढे नुसती धावाधाव. तेव्हा अर्ज लिहायला मदत करणारे भरपूर मिळतील, पण मागे काम कोण बघणार हे आधी ठरवू या. त्याशिवाय मी तिला अर्ज करू देणार नाही. (देणार नाही म्हणजे काय, ती माझं ऐकत नाहीच.)

---

प्रेषक: पंचवटी काका

पोरी, आता समजलं. पगारी माणूस ठेवा दोन. मंडळाच्या खात्यातून पैसे पाठवू, दिवाळी अंकाचे उरलेत.

---

प्रेषक: हिशेबनीस

काका, थांबा. मंडळ इथे अमेरिकेत नोंदवलेलं, म्हणजे एफसीआरएच्या (भारतात परदेशी देणग्या घेण्यावरचा कायदा) दृष्टीने ते परदेशी स्रोत. मावशींच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर मंडळाचा एक डॉलरही तिला घेता येणार नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. शिवाय एका संस्थेने परदेशी पैसा घेऊन दुसरीला द्यायचा हा जुना रस्ता तेव्हाच बंद झाला. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) दाखवू नका, नागरिकत्व अमेरिकेचं असेल तर तुम्हीही परदेशी स्रोत.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र त्यात येत नाहीत. मेहेरबानी करून कोणी हौसेने आजच ट्रान्सफर करू नका. आपल्या उत्साहापायी त्यांच्या मागे चौकशी लागेल.

विद्यापीठातल्या अशा मुक्कामाला सहसा जे-१ व्हिसा लागतो. ‘दोन वर्षं मायदेशी राहायची अट’ म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: कौशल्य यादीमुळे (ज्या देशांना आपली शिकलेली माणसं परत हवीत त्यांची अमेरिकेची यादी) लागणारी ती अट डिसेंबर २०२४ मध्ये भारतापुरती गेली, भारत त्या यादीतूनच निघाला. सरकारी पैशावर आलेल्यांना ती आहेच. मावशींना तसंही परतच जायचंय.

---

प्रेषक: पेठ रोडची भाची

मावशीने काल व्हॉइस मेसेज पाठवला, तो टाइप करून देते. मध्ये एसटीचा हॉर्न आणि दोन शिव्या होत्या, त्या गाळल्या.

“सगळ्यांना नमस्कार. विश्रांतीसाठी जा असं कोणी म्हणू नका, विश्रांती मी दिंडोरीच्या बहिणीकडेही घेते. मला लिहायला वेळ हवाय. कोणत्या गावात कोणता जबाब चालला, कोणत्या साहेबाने कोणती त्रुटी काढली आणि तिच्यावर काय उत्तर दिलं, हे सगळं माझ्या डोक्यात. उद्या मी जिन्यावरून पडले तर पोरांच्या हाती फायली येतील, पण फायलीत काय दडलंय ते येणार नाही. रोज गावं फिरून हे लिहून होत नाही. मी दोनदा वही घातली, तिच्यात शेवटी किराणा लिहिला.

महिन्यांचं म्हणाल तर दिवाळी झाली की निम्मं गाव द्राक्षाच्या बागांवर, निफाड-दिंडोरीला, थिनिंग-डिपिंगला, म्हणजे घड विरळायला आणि औषधात बुडवायला. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे लोक लागतात, हजर असतील त्यांत एक तृतीयांश बाया. ते काही तेव्हा जमत नाही. म्हणजे नव्या दाव्यांचं काम तसंही थंडावतं. पण उचल घेऊन गेलेल्यांच्या मजुरीच्या भानगडी नेमक्या तेव्हाच येतात आणि नोटिसा तर बारा महिने. म्हणून दोन माणसं हवीत, एक कागद वाचणारं, एक मुकादमाशी भांडणारं. वाचणारी मुलगी माझ्याकडे आहे, बोरगावची, बी.ए. झालेली. भांडणारा शोधावा लागेल. शहरातला नको, त्याला इथल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोली येत नाही.

इंग्रजी माझं मोडकं आहे. बोलेन मी, समोरच्याला कळायला लावेन. अर्ज मात्र मी मराठीत सांगेन, तुम्ही लिहा. ‘सक्षमीकरण’ वगैरे शब्द घालू नका. मी तसं बोलत नाही.”

---

प्रेषक: कॉलेज रोड

अर्जाचा मसुदा मी करते. मावशींशी रविवारी फोनवर बोलून एकच प्रकरण सविस्तर घेऊ, एका गावाचा एक दावा, पहिल्या जबाबापासून सातबारावर नाव लागेपर्यंत. वीस प्रकरणांची यादी वाचून कोणाला काही कळत नाही. शिफारसपत्रांपैकी एक तरी गावातल्या माणसाचं असावं, मग ते मराठीत का असेना, भाषांतर जोडू. काका, सत्याग्रहाचा परिच्छेद तुम्हाला घालावासा वाटेल, पण घालू नका.

---

प्रेषक: पंचवटी काका

बरं, नाही घालत.

हिशेबनीस, मी २००९ मध्येच इथला नागरिक झालो, म्हणजे मी बाद. सुनेचा पासपोर्ट भारतीय आहे, तिला विचारलं, बोरगावच्या मुलीचे चार महिन्यांचे पैसे ती स्वतःच्या पगारातून द्यायला तयार आहे. पावती कोणाच्या नावे घ्यायची ते कळवा. भांडणाऱ्याच्या पैशासाठी अजून एक भारतीय पासपोर्टवाला हवा, हात वर करा.