चालू डावात नियम बदलायचे का? 'सातवाहन' मॉडवरून झालेली खडाखडी

कृष्णाकाठ (सांगली)
आमचा सहा जणांचा डाव दीड महिना चालू आहे. खेळ अनसिव्ह, म्हणजे सिव्हिलायझेशन ५ या साम्राज्य उभारायच्या संगणक-खेळाच्या नियमांवर बेतलेला, फुकट, जुन्यापान्या फोनवरही पळणारा. दिवसाकाठी एक चाल करायची आणि पुढच्याकडे सोपवायची. आमच्यातल्या कऱ्हाडच्या गड्याने त्यावर 'सातवाहन' नावाचा मॉड केला, म्हणजे मूळ खेळात स्वतःचे नियम आणि नकाशा घालणारी जोड. बंदुकीची दारू सापडायच्या आधीच शोध संपतात, नकाशावर सह्याद्री आहे, पैठणची सातवाहन सत्ता आहे. कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं.

या सातवाहनांना 'घाट-जकात' नावाची इमारत मिळते. शहर डोंगराला लागून असेल तर दर डोंगरामागे प्रत्येक पाळीला ३ सोनं. गेल्या आठवड्यात मॉडची नवी आवृत्ती आली, सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतली, आणि ३ चे ५ झाले! सातवाहन कोण खेळतंय? मॉड करणारा स्वतः.

मी बुद्धिबळाच्या गावचा माणूस. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात पोरं तासन्‌तास एकाच पटावर डोकं घालून बसायची, पण उंट आज सरळ चालवू या असं कुणी म्हटलं नाही. नियम हलत नाहीत म्हणूनच डोकं चालतं. मला विचाराल तर ऑनलाइन डावात मॉड नकोच. जे सगळ्यांना सारखं आहे त्यावरच खेळा.

करहाटक (कऱ्हाड)
तो गडी मीच. ५ केले ते चुकलं, आधी सांगायला हवं होतं. पण त्यावरून 'मॉडच नको'? हे म्हणजे भाजी खारट झाली म्हणून चूलच फोडायची.

मूळ खेळात भारत कसा आहे ते बघा. राजा गांधीजी, खास सैनिक लढाऊ हत्ती आणि खास इमारत मुघल किल्ला. प्राचीन काळ खेळायला बसलोय आणि बांधतोय काय, तर मुघल किल्ला. आणि डोंगर? पायदळाला डोंगर ओलांडता येत नाही. ती मुभा एकट्या कार्थेजला, तीही पहिला महासेनापती मिळाल्यावर. त्यांचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून गेला, म्हणून कार्थेजला मान. आमच्याकडे घाटवाटांवरून कोकणातला माल देशावर यायचा, त्याची खेळात नोंदच नाही. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. ते मला खेळात हवं होतं. मॉडचे नियम ज्यात लिहितात त्या जेसन फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या, आलं.

माझ्या गावाचं जुनं नाव मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या प्राचीन स्तूपावरच्या दानलेखांत आहे. नकाशावर कऱ्हाड ठेवायला मला कुणाची परवानगी का लागावी?

दुपारचा_डबा (इस्लामपूर)
दोघंही मॉडवर घसरलात, पण असल्या खेळात खरी मुभा वेळेची. मी बँकेत जेवायच्या सुट्टीत चाल करते. समोरचा साताऱ्यात रात्री अकराला करतो. पूर्वी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे, एकेक डाव वर्षभर चालायचा, त्याच जातीचं आहे हे. धावत्या खेळात बोटं चालतात, इथे विचाराला जागा आहे. पाळीला २४ तास द्यायचे की ४८, तीन दिवस गायब झालेल्याचं राज्य कुणी चालवायचं, हे आधी ठरवा. निम्मी भांडणं तिथली आहेत.

वाईकर_मास्तर (वाई)
करहाटक, बाळा, मॉड उतरवून पाहिला. सातवाहनांच्या सैन्यात 'मावळा'? दीड हजार वर्षं आधी? मुघल किल्ल्याला हसायचं आणि आपण मावळे घुसवायचे!

आणि खरी गंमत तू सोडलीस. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. आपण हरवलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही, त्याच्याच तोंडावर आपला शिक्का! हे नियमात बसव. शत्रूचं शहर घेतलं की त्याच्या खजिन्यातला वाटा मिळावा, पण लढून. डोंगराशेजारी नुसतं बसून पाळीला ५ सोनं मिळणं हा इतिहासही नाही आणि खेळही नाही.

कृष्णाकाठ
मास्तर, हेच म्हणतोय मी. प्रत्येकाला आपल्या गावाचा राजा मोठा वाटतो. उद्या मी चालुक्य घालीन आणि नकाशावर कृष्णेकाठच्या प्रत्येक घराला १० धान्य देईन. मग?

नियम करणारा तटस्थ हवा. ओल्ड वर्ल्ड बघा, २०२१ चा खेळ, सोरेन जॉन्सनचा, ज्याने आधी सिव्हिलायझेशन ४ केला होता. एक पाळी म्हणजे एक वर्ष, आणि पाळीला ठरावीक हुकूम. सैन्य हलवा, कामगार लावा, सगळं त्याच हुकमांतून. संपले की संपले. अशी कल्पना एखाद्या गावाभिमानी पोराच्या मॉडमधून आली नसती.

पटावरचा_हत्ती (मिरज)
कृष्णाकाठ, बुद्धिबळाचा दाखला तुमच्यावरच उलटतो. आपले आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. पुढे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि सांगलीने ते शिकून घेतले. म्हणजे पटही बदलला आहे. त्याच्याही आधी चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ, पायदळ. रथ कुठे गेला आपल्या पटावरून?

नियम बदलले, हे खरं. डाव चालू असताना बदलले नाहीत, हेही खरं. तुमची तक्रार दुसऱ्या गोष्टीची आहे आणि तुम्ही ती पहिलीवर लादताय.

उपाय हवा असेल तर फील्ड ऑफ ग्लोरी २ हा प्राचीन लढायांचा खेळ बघा (२०१७). सैन्य आपण निवडायचं, पण ते विकत घ्यायला दोघांना गुण सारखे. हत्ती घेतलेत तर तेवढी बाकीची फौज कमी. हत्तीजवळ घोडदळ बिथरतं, म्हणून त्याची किंमत. शिवाय पळत्या शत्रूमागे धावणारी तुकडी तुमचं ऐकत नाही, त्यामुळे हत्ती विकत घेतला म्हणजे डाव जिंकला असंही नाही. हवी तेवढी मुभा घ्या, पण दाम मोजून. घाट-जकातीचा दाम काय? काहीच नाही. दुखणं तिथे आहे.

करहाटक
हे पटलं. जकात ठेवतो ३ वरच, आणि घाटातलं शहर बचावाला कमजोर करतो. घाटात शेती कुठली, म्हणून धान्यही कमी. मावळा काढला, मास्तर. लाज वाटली.

पण कृष्णाकाठ, 'तटस्थ' म्हणाल तर मुघल किल्ला प्राचीन भारताला देणारा कुठे तटस्थ होता? फक्त लांबचा होता.

कृष्णाकाठ
लांबचा होता म्हणूनच स्वतः सातवाहन खेळत नव्हता. मी मॉडला हो म्हणतो, अटी दोन. डाव सुरू झाला की आवृत्ती गोठवायची. आणि मॉड करणाऱ्याने स्वतःचं राज्य खेळायचं नाही.

करहाटक
पहिली मान्य. दुसरी नाही. मग करू कशाला? दोन महिने रात्री जागून सातवाहन उभे केले आणि खेळू काय, बॅबिलोन?

दुपारचा_डबा
हो. बॅबिलोन छान आहे.

उसाचा_मळा (वाळवा)
आमचं बी ऐका. रात्री दोनला लाइट येती, पाण्याची पाळी लागती. मोटार चालू करून बांधावर बसायचं, दुसरं काय काम? तवा मी माझी चाल करतो. पाण्याची पाळी अन् खेळाची पाळी एकाच येळंला. मला मॉड असला काय, नसला काय, सारखंच. पर करहाटक दादा, तुमी जकातीच्या नादात घाटातल्या शहरात एकबी सैनिक ठेवला न्हाई. काल रात्री माझं पायदळ गेलं आत. आता ती ५ सोनं मलाच याया लागल्यात. आकडा ३ वर आणायचा तर या डावानंतर आणा, कृष्णाकाठ म्हणतात तसं आवृत्ती गोठवा.

करहाटक
काय राव! कधी?

उसाचा_मळा
पहाटं तीनला. तुमची पाळी आलीय बगा, २४ तासांतलं नऊ गेलं.