बफर स्टेटला मराठीत काय म्हणायचं? मध्यस्थ, तटस्थ की आणखी काही?

सयामच्या (आताचं थायलंड) इतिहासावरचा एक मजकूर मराठीत आणतेय, त्यात बफर स्टेट (दोन बड्या सत्तांच्या मधे राहून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा देश) हा शब्द पानोपानी आहे. एकांनी 'मध्यस्थ राज्य' सुचवलं पण मध्यस्थ म्हटलं की मला सोयरीक जुळवणारा नाहीतर भांडण मिटवणारा माणूस डोळ्यासमोर येतो, आणि सयाम कुठे ब्रिटन-फ्रान्सचं भांडण मिटवायला बसलं होतं, ते तर मधे सापडलं होतं. 'तटस्थ' चालेल का?

---

मध्यस्थ नकोच, आणि तटस्थही नको असं माझं ठाम मत. तट म्हणजे काठ, काठावर उभा राहून बघतो तो तटस्थ. बफर स्टेट काठावर नसतंच हो, ते भर पात्रात असतं. तुमच्या सयामचंच बघा, १८९३ च्या जुलैमध्ये फ्रेंच गनबोटी नदीच्या मुखावरच्या पाकनाम किल्ल्याचा मारा झेलत थेट बँकॉकला येऊन ठेपल्या आणि मेकाँगचा डावा तीर सयामला सोडावा लागला, पलीकडे ब्रह्मदेशात ब्रिटिश आधीच बसलेले, म्हणजे दोघं अगदी समोरासमोर. मग जानेवारी १८९६ मध्ये दोघांनी लंडनला ठरवलं की मेनाम नदीच्या (आजची चाओ फ्राया, बँकॉकची नदी) खोऱ्यात एकमेकांच्या संमतीशिवाय कुणीच सैन्य घालायचं नाही. युद्ध टळलं, हे मोठंच काम झालं. पण ज्याच्या देशाबद्दल ठरलं त्या राजा चुलालोंगकोर्नची त्यावर सही नाही.

जुना शब्द हवा असेल तर कौटिल्याचा 'अंतर्धि' आहे, दोन शत्रूंच्या मधला दुबळा राजा, ज्याला किल्ल्याचा नाहीतर रानाचा आसरा आहे. त्याचा 'मध्यम' वेगळा हं, तो दोघांना लागून असतो पण एकेकट्याला भारी पडेल एवढा बळकट असतो, हे दोन बरेचदा एकच समजले जातात.

---

अंतर्धि छान आहे पण वाचणाऱ्याला कळणार नाही. आमच्याकडे गावात यासाठी रोजचा शब्द आहे, बांध. दोन शेतांच्या मधली ती पट्टी, ती आहे तोवर भांडण नाही, आणि भांडण लागतं तेही तिच्यावरूनच कारण दर नांगरटीला कुणीतरी वीतभर बांध कोरतोच. आमच्या घरात यापायी दोन पिढ्या अबोला होता म्हणून हा शब्द मला फार जवळचा आहे. आणि सयामचं नेमकं हेच झालं ना, १८९६ ची हमी फक्त मधल्या खोऱ्याला होती, बाहेरचं कोरणं चालूच राहिलं, १९०७ ला बट्टंबांग आणि सिएम रीप (आजच्या कंबोडियातले) फ्रान्सकडे, १९०९ ला केदाह, केलंतान, तेरेंगानू, पर्लिस (आजच्या मलेशियातले) ब्रिटनकडे. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे दोघांची तडजोड आणि तिसऱ्याचं नुकसान.

---

बांध आवडला. तरी तटस्थ टाकून देऊ नका प्लीज, त्याची जागा वेगळी आहे. बांध हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव, तटस्थ हे त्या देशाने स्वतः घेतलेलं. ऑस्ट्रिया बघा, दहा वर्षं चार देशांच्या फौजा बसलेल्या, १५ मे १९५५ ला व्हिएन्नात करार झाला पण त्या करारात तटस्थतेचं कलम नाहीये. एप्रिलमध्ये मॉस्कोत बोलणी झाली होती, रशियाला तेच हवं होतं, हे उघड आहे, पण फौजा गेल्यावर २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रियाच्या संसदेने आपला कायदा केला, लष्करी गटात जाणार नाही आणि परक्या लष्कराला तळ देणार नाही, आणि त्यात 'स्वेच्छेने' हा शब्द आहे. मला तो शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढच्याच वर्षी हंगेरीत रशियन रणगाडे घुसले तेव्हा याच ऑस्ट्रियाने जवळजवळ १ लाख ८० हजार हंगेरियन लोकांना आत घेतलं. म्हणून तटस्थला 'उदासीन' हा पर्याय कुणी दिला तर मी भांडेन.

---

सगळ्यांचे आभार, खरंच खूप मिळालं. आता वाक्य असं केलंय: 'ब्रिटन आणि फ्रान्सने सयामला आपल्या दोन साम्राज्यांमधला बांध म्हणून राखलं.' आधी मी 'सयाम बफर स्टेट बनलं' लिहिलं होतं, त्यात कर्ता सयाम होता, तो मी बदलला.