प्रति: वातोदर म्हणजे गॅस नव्हे

वर सांगलीच्या एकांनी 'दुपारी भडंग खाल्लं की पोट फुगतं, म्हणजे वातोदरच' असं लिहिलंय. तो आध्मान, म्हणजे वायूने पोट फुगणं, तासाभरात उतरणारा. आयुर्वेदातला उदररोग (पोट मोठं होण्याचे आजार, वातोदर त्यातलाच एक) वेगळा. त्यात पोट उतरत नाही, अंग वाळतं, पायांवर सूज येते.

मूळ कारण मंदाग्नी, म्हणजे मंदावलेली पचनशक्ती. अन्न पचत नाही, मळ साचतो, घाम आणि पाणी वाहणारी स्रोतसं (शरीरातले मार्ग) अडतात, बिघडलेले दोष (वात, पित्त, कफ) त्वचा-मांसाच्या मध्ये येऊन पोट फुगतं. प्रकार आठ: वात, पित्त, कफ आणि सन्निपात (तिन्ही दोष एकत्र) हे चार, मग प्लीहा वाढून होणारं प्लीहोदर (यकृत वाढलं तरी ते यातच, फक्त उजवीकडे), बद्धगुद, छिद्रोदर आणि पोटात पाणी होणारं जलोदर. बद्धगुदात अन्नातल्या केसांसारख्या वस्तूंनी आतडं अडतं. छिद्रोदरात काटा, हाड, खडा आतडं भेदतो. ही दोन्ही आजच्या भाषेत सर्जरीची कामं, काढ्याची नव्हेत.

ओळखायचं कसं? वातोदरावर टिचकी मारली तर फुगवलेल्या पखालीसारखा (पाण्याच्या कातडी पिशवीसारखा) आवाज. जलोदरात पाण्याने भरलेल्या पखालीसारखं पोट हिंदकळतं. दुर्लक्ष केलं तर बाकीची उदरंही शेवटी पाण्यावरच येतात, म्हणून पाणी होण्याआधीच उपचार.

जलोदरात पोटातलं पाणी काढल्यावर प्राचीन वैद्य चरकाचा पथ्यक्रम कडक आहे: आधी लंघन (उपास), मग तेल-मीठ नसलेली पेज. पुढे सहा महिने फक्त दूध, तीन महिने दूध-पेज, तीन महिने दुधाबरोबर सावा किंवा कोद्रा, तोही अळणी. शस्त्रक्रियेसाठी ओळखला जाणारा प्राचीन वैद्य सुश्रुत तर पाणी एका दिवसात सगळं काढू नका म्हणतो, तहान-ताप-धाप लागते. आणि पोट ताठ, उलट्या आणि मळ-वायू बंद असेल तर साताऱ्यात असा की सांगलीत, आधी हॉस्पिटल गाठा.